म्हणीखालची रिकामी ओळ

एकदा एका वृद्ध आचार्यांनी कागद वाया घालवायला सुरुवात केली. निदान त्यांच्या पाठशाळेतल्या सर्वांचे मत तरी तसे झाले होते. कागद त्या काळी घाटापलीकडून बैलांच्या पाठीवरून यायचा आणि सोन्यासारखा जपून वापरायचा असे. गावातल्या एका धनवान व्यापाऱ्याने मोठ्या मनाने तो पाठशाळेला दिला होता, कारण आचार्यांनी एक मोठे काम हाती घेतले होते. त्या मुलखात लोकांच्या तोंडी असलेल्या सगळ्या म्हणी त्यांना एका पोथीत उतरवायच्या होत्या.

हे काम त्यांनी सोपवले शारंगधरावर. शारंगधर त्यांचा सर्वांत हुशार शिष्य, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. जिभेला धार अशी की ओसरीवर त्याने तोंड उघडले की चार मुले हसायच्या तयारीने मागे वळत. पोथी विजयादशमीला पूर्ण झाली की भर सभेत त्याच्या खांद्यावर शाल पडणार होती आणि आचार्यांच्या मागे पाठशाळा तोच चालवणार होता. दोन वर्षे तो गावोगाव हिंडला. बाजारात बसला, लग्नघरांत जेवला, पाणवठ्यांवर कान देऊन उभा राहिला, आणि त्याने हजारावर म्हणी जमवल्या.

आचार्यांची अट एकच होती. एका ओळीत म्हण लिहायची आणि तिच्याखालची ओळ रिकामी सोडायची.

"आचार्य, ही ओळ कशासाठी?" शारंगधराने पहिल्याच आठवड्यात विचारले.

"भरायची आहे."

"कशाने?"

"ते तुला अजून कळायचं आहे. आधी जेवून घे."

म्हातारी माणसे प्रश्न टाळायला लागली की जेवणाचा विषय काढतात. शारंगधर मुकाट्याने उठला आणि दोन वर्षे ओळी रिकाम्या सोडत राहिला. हजार म्हणी, हजार रिकाम्या ओळी. व्यापाऱ्याच्या कानावर ते गेले तेव्हा तो हळहळला, पण आचार्यांपुढे बोलायची त्याची छाती झाली नाही.

विजयादशमीला महिना उरला तेव्हा आचार्यांनी शारंगधराला जवळ बसवले. "आता ज्या ज्या म्हणीत माणसांचा उल्लेख आहे, त्या त्या माणसांच्या अंगणात जाऊन ती म्हण त्यांच्या तोंडावर म्हण. ते जे उत्तर देतील ते खालच्या ओळीत लिही."

"त्यांच्या तोंडावर?"

"पाठीमागे तर तू दोन वर्षं ऐकलीसच."

शारंगधराला हे विचित्र वाटले. म्हणी म्हणजे पूर्वजांचे शहाणपण, त्यात कुणाला विचारायचे काय? पण आज्ञा होती. तो पहिल्यांदा गेला तेल्याच्या घरी. घाण्याला जुंपलेल्या बैलावरची म्हण त्याने चाचरत म्हटली. तेली पोट धरून हसला. त्याने बायकोला आतून बोलावले आणि पुन्हा म्हणायला लावली.

"अहो, ही माझ्या बापाची आवडती! मला उद्देशूनच म्हणायचा. लिहा खाली, बैल थांबला तर पंडितांच्या घरी दिवा लागायचा नाही."

शारंगधराचा जीव भांड्यात पडला. कुंभारणीने तर आपल्यावरची म्हण दुरुस्त करून दिली. चाकाची दिशाच म्हण रचणाऱ्याला ठाऊक नव्हती, असे तिचे म्हणणे. व्यापाऱ्याचे मात्र वेगळे झाले. तराजूवरची म्हण ऐकताच त्याचे कान लाल झाले. "हे पान काढून टाक," तो म्हणाला. "कुणा रिकामटेकड्यानं रचलेलं आहे. आमच्या सात पिढ्या सचोटीनं वागल्या." शारंगधराने मान डोलावली आणि खाली काहीच लिहिले नाही.

आणि मग पाठशाळेचा माळी. त्याचा एक डोळा लहानपणीच गेला होता. एका डोळ्याच्या माणसाचे सकाळी तोंड पाहण्याविषयीची म्हण शारंगधराला इतकी निरुपद्रवी वाटत होती की फुलझाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याला त्याने ती चालता चालता ऐकवली. माळ्याने झारी खाली ठेवली.

"पंडितजी, मी बागेत इतक्या पहाटे का येतो, तुम्हाला वाटलं असेल कामाचा उल्हास. गावातलं कुणी उठायच्या आत मला घराबाहेर पडायचं असतं. कुणाच्या दिवसाची सुरुवात माझ्यानं व्हायला नको." तो पुन्हा झारी उचलून कामाला लागला. "हे लिहिलं नाही तरी चालेल."

शारंगधराने लिहिले. पण त्या दिवशी तो जेवला नाही.

दहा दिवस उरले आणि एकच पान बाकी राहिले. डोंगरापलीकडे भट्टीकरांची वस्ती होती. हे लोक लाकडाच्या भट्ट्या लावून कोळसा पाडत आणि भट्टीच्या धुराची काजळी गोळा करत. रंगाने ते काळे होते, पिढ्यान्पिढ्या काळे. त्यांच्यावरच्या म्हणीत कोळशाचा रंग, त्यांच्या अंगाचा रंग आणि त्यांचे मन ही तिन्ही एकाच गाठीत बांधून टाकली होती. ऐकायला मोठी खुसखुशीत. अख्ख्या मुलखात कुणी शब्द मोडला, कुणी भांडे चोरले, की लोक ती म्हणत आणि भट्टीकराने काही केलेले असो वा नसो, तो त्यात येई.

सात कोसांची चढण होती. शारंगधराने विचार केला की भट्टीकर असून असून काय म्हणणार? तेल्यासारखेच हसतील. खालच्या ओळीत 'ऐकणारे हसले' असे लिहून टाकावे आणि मोकळे व्हावे. आचार्य काही डोंगर चढून पडताळा पाहायला जाणार नव्हते. त्याने बोरू उचलला, दौतीत बुडवला आणि वर काढला. दौत कोरडी होती. कोठारात पाहिले तर काजळीचे मडकेही खडखडीत. पाठशाळेची शाई ज्या काजळीची घोटत ती पावसाळा संपला की दर पंधरवड्याला भट्टीकरच आणून देत, आणि यंदा ती अजून आलेली नव्हती. शाई हवी तर तिकडेच जाणे भाग होते. असे पाय ओढत माणूस कधीकधी योग्य ठिकाणी पोचतो, हे मी अनुभवाने सांगतो.

तो पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. मातीने लिंपलेली एक मोठी भट्टी धुमसत होती आणि वीस-बावीस वर्षांची एक मुलगी ओली माती घेऊन तिच्याभोवती फिरत होती. कुठे भेग दिसली की ती बुजवायची. भेगेतून वारा शिरला तर आठ दिवसांच्या लाकडाची राख होते, म्हणून भट्टी पेटली की माणसाला तिथून हलता येत नाही. तिने शारंगधराकडे एकदा पाहिले. मग नुसत्या हाताने सावलीतला घडा दाखवला. तो तीन तांबे पाणी प्यायला.

"काजळी न्यायला आलात?" तिने विचारले. "यंदा पाऊस लांबला. दोन मडकी भरल्यात, घेऊन जावा."

"हो. आणि दुसरंही एक काम होतं." त्याने पोथीची, म्हणींची, रिकाम्या ओळीची हकीकत सांगितली. ती ऐकत होती, हात चालूच होते.

"बरं. म्हणा की मग."

शारंगधराने पान काढले. ते त्याला तोंडपाठ होते, तरी काढले. त्याने ओठ उघडले आणि आवाजच फुटला नाही. ज्या जिभेवर सगळी ओसरी हसत असे ती टाळूला चिकटून बसली. समोर ती उभी होती, तिच्या कोपरापर्यंत माती होती, आणि आत्ताच तिने दिलेले पाणी त्याच्या पोटात होते. त्याने पान पुन्हा बासनात ठेवले. "ऊन फार आहे," तो म्हणाला.

"मी म्हणू?"

आणि तिने ती म्हण म्हटली. अक्षरन् अक्षर बरोबर. शब्दांवरचा जोर, मधली थांबण्याची जागा आणि शेवटी नाकातून येणारे ते बारीकसे हसूसुद्धा.  ते हसू शारंगधराचे स्वतःचे होते.

मग त्याला आठवले. सहा वर्षांपूर्वी दर पंधरवड्याला एक किडकिडीत मुलगी डोक्यावर मडके घेऊन पाठशाळेत येई. काजळी मापून होईपर्यंत ती ओसरीच्या कडेला उभी राही. एकदा तिने विचारले होते, मागे बसून मीही शिकले तर चालेल का? शारंगधराने उत्तरादाखल ही म्हण टाकली होती. सगळी ओसरी खदखदा हसली होती. आपण फार समयसूचक बोललो असे त्याला वाटले होते आणि संध्याकाळच्या आत तो ते विसरूनही गेला होता.

"तू ती..."

"गोजरा. तुम्ही विसरलात ते बरोबरच हाय. लागलं मला, तुम्हाला कुठं?"

"अगं, तुला म्हणून म्हटली नव्हती मी. जुनी म्हण आहे. सगळेच म्हणतात."

"सगळी म्हणतात म्हणून तर दार बंद झालं, पंडित. तुम्ही एकट्यानं म्हटली असती तर मी तुम्हाला ओलांडून आत आले असते."

 दोन वर्षे शारंगधराने माणसांची बोलणी गोळा केली होती आणि त्यातले एकही उपयोगाला येईना. लाज वाटणे म्हणजे काय हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट अनुभवले. त्याने बासन सोडले, ते पान बाहेर काढले आणि फाडण्यासाठी दोन्ही हातांत धरले.

"थांबा!" गोजरा ओरडली. "फाडू नका. पान फाडून ती मरायची न्हाई, बाजारात जित्तीच ऱ्हाईल. माझी खालची ओळ तेवढी मरंल."

"मग सांग. काय लिहू?"

"तुम्ही न्हाई. माझी ओळ मीच लिहीन." ती जरा थांबली. "पण मला 'ध'पर्यंतच येतं."

तिने कोळशाचा तुकडा उचलला आणि भट्टीजवळच्या सपाट दगडावर 'क'पासून अक्षरे काढत गेली. ओसरीच्या कडेला उभ्या उभ्या ऐकून, पाहून शिकलेली अक्षरे. 'ध'शी येऊन हात थांबला. ओसरीवर 'ध' शिकवला त्याच दिवशी तिने तो प्रश्न विचारला होता आणि त्यानंतर काजळी घेऊन तिचा भाऊ येऊ लागला होता.

 "पाठशाळेत ये," शारंगधर म्हणाला. "दारात मी असेन."

"बघू," गोजरा म्हणाली. "भट्टी उतरल्यावर."

विजयादशमीला सभा भरली. व्यापारी पहिल्या रांगेत बसला होता, शेजारी तबकात घडी घातलेली शाल होती. आचार्यांनी विचारले, "शारंगधरा, पोथी पूर्ण झाली?"

होय म्हणायला एक क्षण पुरला असता. पोथी एवढी जाड होती की ती एक ओळ कुणाच्या बापाला सापडली नसती. शारंगधर उभा राहिला. 

"नाही, आचार्य. एक ओळ माझ्यामुळे रिकामी आहे." आणि त्याने ओसरीवरची ती गोष्ट, आपले ते हसू, भट्टीजवळचा दगड, सगळे सगळ्यांसमोर सांगितले. 'ऐकणारे हसले' असे खोटेच लिहायला निघालो होतो, तेही सांगितले.

सभेत चुळबुळ सुरू झाली. व्यापारी उठला. "आचार्य, एका ओळीनं काय बिघडतं? आणि हे पूर्वजांचे बोल आहेत. त्यांच्या मनात कुणाविषयी वाईट नसेल. चार शब्दांचं इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

आचार्यांनी शांतपणे पोथीची पाने उलटली. "शेठजी, तराजूवरच्या म्हणीखालीही ओळ रिकामी आहे. तिथं काय लिहायचं? की शेठजींनी मनाला लावून घेतलं नाही?"

तेल्याला हसू आवरेना. व्यापारी खाली बसला, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले. आचार्यांनी शाल उचलली, शारंगधराच्या खांद्यावर न टाकता ती पोथीवर पांघरली आणि म्हणाले, "गुढीपाडव्याला पुन्हा भेटू."

दुसऱ्या दिवसापासून शारंगधर पाठशाळेच्या दारात बसू लागला. सोबतची मुले कुचेष्टा करत, येणारेजाणारे कारण विचारत आणि तो प्रत्येकाला खरे कारण सांगे. सहा दिवस गेले, आठ गेले. नवव्या दिवशी सकाळी डोंगराच्या वाटेने गोजरा आली. डोक्यावर काजळीचे मडके होते. दारात ती थबकली. शारंगधर उठला, त्याने तिच्या डोक्यावरचे मडके उतरवून घेतले आणि आपले स्वतःचे आसन पहिल्या रांगेत टाकले.

तीन घरांनी आपली मुले काढून नेली. आचार्यांनी त्यांना अडवले नाही. गोजरा पंधरवड्यातले चार दिवस येई, बाकीचे दिवस भट्टीजवळ दगडावर गिरवी. तिचा 'न' कोयत्यासारखा वाकडा येई आणि शारंगधर चुकून हसला तर ती बोरू खाली ठेवून त्याच्याकडे पाही, की तो लगेच गंभीर होई. माघात तिने पूर्ण वाक्य लिहिले. फाल्गुनात ती पोथीतल्या म्हणी वाचू लागली आणि कुंभारणीच्या उत्तरावर एकटीच खूप हसली. काढून नेलेल्यांपैकी दोन मुले कधी परत येऊन बसली ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

पाडव्याला अंगणात गुढी उभी होती आणि सभेत पाय ठेवायला जागा नव्हती. भट्टीकरांची सगळी वस्ती डोंगर उतरून आली होती आणि या खेपेस ती कडेला उभी नव्हती. आचार्यांनी ते पान उघडले. "रीतीप्रमाणे म्हण आधी समोर म्हटली पाहिजे. शारंगधरा."

शारंगधर गोजरेसमोर उभा राहिला. त्याने ती म्हण म्हटली. पूर्ण, हळू, तिच्या डोळ्यांत पाहून.  सभेत कुणीही हसले नाही. तेच शब्द, ज्यांवर अवघा मुलूख पिढ्यान्पिढ्या हसत आला होता, त्या शांततेत इतके ओंगळ वाटले की माणसांनी माना खाली घातल्या.

गोजरा पोथीपुढे बसली. तिने बोरू दौतीत बुडवला आणि न थांबता लिहिले. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवले.

"ही म्हण मी वाचली. जिनं लिहिली ती शाई आमच्या भट्टीची आहे. पोथीतलं प्रत्येक अक्षर आमचंच काळं आहे. गोजरा भट्टीकर."

 मग माळी ओरडला, "वाहवा!" आणि त्याच्यामागून सारे अंगण दुमदुमले. भट्टीकरांच्या म्हाताऱ्यांनी पागोटी उडवली. एका आजीला काय लिहिले ते कळले नव्हते, पण आपल्या पोरीने लिहिले एवढे तिला कळले होते आणि तेवढ्यावर ती रडत होती. शारंगधरही रडत होता आणि त्याला त्याचे काही वाटत नव्हते. गलका निवल्यावर व्यापारी पुढे आला आणि घसा खाकरत म्हणाला, "माझीही एक ओळ बाकी आहे. लिहा, म्हणीचा राग आला, पण घरी जाऊन तराजू तपासला."

आचार्यांनी शाल शारंगधराच्या खांद्यावर घातली. त्याने हळूच विचारले, "आचार्य, आपल्या म्हणी वाईट आहेत का हो?"

"म्हण जुनी आहे हे तिचं वय झालं, तो काही तिचा गुण नव्हे," आचार्य म्हणाले. "पुष्कळ म्हणी शहाण्या आहेत. तेल्यासमोर म्हटलीस, तो हसला आणि त्यानं भर घातली. पण काही म्हणी ज्याच्यावर केल्या त्याला बाहेर ठेवूनच केल्या गेल्या. कुठली कोणती, हे पोथ्या चाळून कळत नाही. ज्याच्याविषयी आहे त्याच्यासमोर उभं राहायचं आणि म्हणून पाहायचं. जीभ अडली की समजायचं, आपण एवढे दिवस काय म्हणत होतो ते."

"पण मग ती पोथीत का ठेवली?"

"माणसं विसरतात म्हणून. तू नाही का विसरलास?"

शारंगधराने शालीचे टोक हातात घट्ट धरले.  पलीकडे गोजरा ओसरीवरच्या लहान मुलांना आपला कोयत्यासारखा 'न' कसा काढायचा ते ठसक्यात शिकवत होती आणि मुले तो तस्साच काढत होती.

पोथीच्या पुढे अनेक प्रती झाल्या, दोन्ही ओळींसकट. म्हणतात की त्या मुलखात नंतर एक सवयच पडली. बाजारात कुणी ती म्हण तोंडातून काढली, की ऐकणारा थांबून एवढेच विचारी, "आणि खालची ओळ?" बोलणारा गप्प होई. हळूहळू तर खालची ओळच लोकांच्या तोंडी राहिली आणि वरची काय होती ते सांगायला पोथी उघडावी लागू लागली.

आपल्याही जिभेवर अधूनमधून एखादी जुनी, खुसखुशीत म्हण येतेच. ती जरूर म्हणावी, पण खाली एक ओळ मोकळी सोडून.